‘अशा वेळी तुम्ही काय कराल?’ : ज्युनियर वकिलाच्या मुलाखतीतल्या प्रसंगांची तयारी

“सीनियर कोर्टात आहेत, त्यांचा फोन बंद आहे. चेक बाउन्सच्या नोटिशीची मुदत आज संपते, हे तुमच्या आत्ता लक्षात आलं. ऑफिसात तुम्ही एकटेच आहात. काय कराल?”

असा प्रश्न आला की बरेच उमेदवार निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं, म्हणजे चेकबाबतच्या कायद्याचं, कलम १३८ सांगायला लागतात. सांगतातही बरोबर. पण समोरच्याने कलम विचारलेलंच नसतं. ते त्याला पाठ असतं, नसलं तर मोबाइलवर सापडतं. मुदतीच्या दिवशी दुपारी तीन वाजता तुम्ही हातपाय गाळता, की परस्पर काहीतरी उरकून टाकता, की एकेक काम नीट हातावेगळं करता, हे त्याला बघायचं असतं.

इंदूरमध्ये हे प्रश्न आता सगळ्या तऱ्हांनी विचारले जातात. हायकोर्टाच्या खंडपीठाच्या आसपासच्या चेंबरांत चहा पिता पिता, गप्पांच्या ओघात. विजयनगरकडच्या ऑफिसांत छापील कागदावर. पीथमपूरच्या कारखान्यांच्या लीगल खात्यासाठी जाल, तर एचआरवाल्यांसमोर. मुंबई-दिल्लीच्या फर्म व्हिडिओवर विचारतात. उमेदवारही वेगळे आहेत. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सिव्हिल जजच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, तेव्हापासून एलएलबी झाल्या झाल्या कोचिंगकडे वळणारी मुलंमुलीही आधी चेंबर शोधतात. त्यांतल्या अनेकांनी अशा प्रश्नांची तयारी कधी केलेलीच नसते, कारण कॉलेजात ती कोणी करून घेत नाही.

मी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो. तिथून ऐकताना माझं लक्ष उत्तराच्या शेवटाकडे फारसं नसतं. मी क्रम ऐकतो. आधी काय तपासलं, मग कोणाला सांगितलं, किती लवकर सांगितलं, आणि कोणती गोष्ट विचारल्याशिवाय केली नाही. दोन उमेदवारांचा शेवट वेगळा असला तरी दोघंही पास होऊ शकतात. क्रम चुकला की मात्र शेवट कितीही गोड असो, मन धजत नाही. तेव्हा सगळी तयारी या क्रमाची करायची.

आधी एक संध्याकाळ नियमांना द्या

प्रसंगांच्या प्रश्नांना पाठांतर लागत नाही असं समजून मुलं काहीच न वाचता येतात आणि ‘प्रामाणिकपणा’, ‘टीमवर्क’ असे शब्द फेकत बसतात. थोडं वाचावं लागतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांचा सहावा भाग, त्यातलं दुसरं प्रकरण. वकिलाची कोर्टाशी, पक्षकाराशी, विरुद्ध पक्षाशी आणि व्यवसायबंधूंशी वागण्याची कर्तव्यं, अशी त्याची मांडणी आहे. एका बैठकीत वाचून होतं. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ चं कलम ३५ सोबत वाचा, म्हणजे हे नियम मोडले तर काय होतं ते कळेल.

सगळे नियम लक्षात राहणार नाहीत, राहायची गरजही नाही. काही मात्र प्रश्नांत पुन्हा पुन्हा येतात. खटल्यातल्या पक्षांशी किंवा वादविषयाशी तुमचा काही संबंध असेल, तर पक्षकाराला तो आधीच पूर्णपणे सांगावा लागतो. ज्याच्यासाठी सल्ला दिला किंवा दावा लिहिला, त्याच्या विरुद्ध पक्षाकडून उभं राहता येत नाही. फी निकालावर अवलंबून ठेवता येत नाही. विरुद्ध पक्षाचा वकील असेल, तर त्या पक्षाशी वादाच्या विषयावर परस्पर बोलायचं नाही, त्याच्या वकिलामार्फत बोलायचं. आणि वकील हा पक्षकाराचा नुसता भोंगा नाही, गैरमार्गाचा हट्ट धरणाऱ्या पक्षकाराचं काम त्याने नाकारावं, हेही तिथे लिहिलेलं आहे.

गोपनीयतेसाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चं कलम १३२ बघा. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. नियमांत आणि जुन्या गाइडांत तुम्हाला पुरावा कायद्याचं कलम १२६ लिहिलेलं सापडेल, मुलाखतीत नवं कलम सांगा. पक्षकाराने सांगितलेलं बाहेर बोलायचं नाही, हे बंधन वकिलाच्या कारकुनालाही लागू आहे, एवढं लक्षात ठेवलंत तर पुढे एका प्रश्नात कामी येईल.

नियमाचा क्रमांक आठवला नाही म्हणून कोणी मार्क कापत नाही. क्रमांक ठोकून चुकीचा सांगितलात, तर मात्र समोरचा पुढचं सगळं संशयाने ऐकतो.

एक प्रसंग शेवटपर्यंत सोडवून बघा

वरचा चेकचाच घेऊ. वीस प्रसंग वरवर चाळण्यापेक्षा एक असा तळापर्यंत केलेला बरा.

पहिलं काम, आज खरंच शेवटचा दिवस आहे का ते पाहणं. चेक परत आल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची असते. ही मोजणी चेकवरच्या तारखेपासून होत नाही. पक्षकाराला खबर कधी मिळाली ते धरायचं आणि तो दिवस मोजणीतून सोडायचा. म्हणजे फाइल उघडा, चेक परत आल्याचा बँकेचा मेमो काढा, पक्षकाराला फोन लावून विचारा की मेमो हातात कधी पडला आणि त्याआधी बँकेकडून काही मेसेज वगैरे आला होता का. दहा मिनिटांचं काम. कदाचित दोन दिवस हातात निघतीलही. तरी नोटीस आजच घालवा. मेमो आम्हाला उशिरा मिळाला, हे पुढे कोर्टात शाबीत करत बसायची वेळ कशाला आणायची?

दुसरं, सीनियरला कळवणं. फोन बंद आहे हे प्रश्नात मुद्दाम घातलेलं असतं. “फोन बंद होता म्हणून मी थांबलो” हे उत्तर होत नाही आणि “म्हणून मीच ठरवलं” हेही होत नाही. मेसेज टाका, आणि मुलाखतीत तो मेसेज शब्दशः बोलून दाखवा: “सर, अमुक मॅटर, १३८ ची नोटीस, तिसावा दिवस आज. ड्राफ्ट करतोय. सहीसाठी कोर्टात घेऊन येतो.” मग कॉज लिस्ट, म्हणजे कोर्टाची त्या दिवसाच्या केसांची यादी, उघडायची. सर कोणत्या कोर्टात आहेत, त्यांचा नंबर कितवा, चालू कितवा, हे बघायचं. मुंशीजी, म्हणजे सरांचे कारकून, तिथेच असतील तर त्यांच्या हाती चिठ्ठी. ऑफिसात दुसरे कोणी सीनियर किंवा पार्टनर असतील तर त्यांच्या कानावर आत्ताच घालायचं, संध्याकाळी नाही.

तिसरं, तोवर ड्राफ्ट असा तयार ठेवायचा की फक्त सही राहावी. चेक देणाऱ्याचं नाव, फाइलमधले त्याचे सगळे पत्ते, चेकचा नंबर, तारीख, मेमोतलं कारण, १५ दिवसांत पैसे द्या ही मागणी. रक्कम चेकवर आहे तीच, तंतोतंत. व्याज किंवा खर्च मागायचा असेल तर तो वेगळा दाखवायचा, चेकच्या रकमेत मिसळायचा नाही, कारण याच मुद्द्यावर नोटिशी बाद झालेल्या आहेत.

चौथा मुद्दा सहीचा, आणि माणसं इथे उघडी पडतात. “सरांची सही स्कॅन केलेली असते, ती लावून पाठवीन” असं कोणी म्हणालं की मुलाखत तिथे संपते. पुढचे प्रश्न केवळ सौजन्य म्हणून विचारले जातात. कोणी म्हणतं, “मी माझ्या सहीने पाठवीन.” मग प्रश्न येतो: सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाली आहे का? पक्षकाराने तुम्हाला सांगितलं आहे का? चांगलं उत्तर कायद्यातच आहे. नोटीस वकिलाच्याच लेटरहेडवर हवी असं कलम म्हणत नाही. ज्याला पैसे मिळायचे आहेत त्याने लेखी मागणी करायची आहे. म्हणजे सीनियर अजिबातच हाती लागले नाहीत, तर पक्षकार स्वतःच्या सहीने नोटीस पाठवू शकतो. त्याला फोन करून एवढंच सांगायचं की नोटीस आज जाणं गरजेचं आहे, सर कोर्टात अडकले आहेत, तुमच्या सहीने पाठवता येते, तुमची तयारी आहे का? हो म्हणाला तर त्याला ऑफिसात बोलवा, वाचून दाखवा, सही घ्या, स्पीड पोस्टची पावती फाइलला लावा, पावतीचा फोटो सरांना पाठवा.

जवळच्या पोस्टाचं काउंटर किती वाजता बंद होतं, हे ज्याला ठाऊक असतं त्याने इंटर्नशिपमध्ये खरोखर काम केलेलं असतं. असा एक तपशील उत्तरात आला की आम्ही मान वर करून बघतो.

मग उपप्रश्न येतोच: “आणि समजा मुदत कालच संपली असती?” इथे सारवासारव नको. पुढे फिर्याद दाखल करायला उशीर झाला तर कोर्ट कारण बघून तो माफ करू शकतं. नोटिशीच्या ३० दिवसांना तशी सवलत नाही. पण चेक तीन महिने चालतो. ती मुदत उरली असेल तर तो पुन्हा बँकेत टाकता येतो, पुन्हा परत आला तर नोटिशीची मुदत नव्याने मोजली जाते, आणि अशा दुसऱ्या वेळच्या बाउन्सवर खटला चालू शकतो हे सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये मान्य केलं आहे. वसुलीचा दिवाणी दावा तर वेगळा आहेच. पण हे सगळं आधी सीनियरना सांगायचं, मुदत हुकली या वाक्यासकट. पक्षकाराला परस्पर “काळजी करू नका, दुसरा मार्ग आहे” म्हणणं तुमचं काम नाही. काय आणि कसं सांगायचं ते सीनियर ठरवतील. ते न सांगायचं ठरवू लागले तर पुन्हा वेगळा प्रश्न उभा राहतो, तो खाली येतोच.

चुकीचं काम सांगितलं तर

सगळ्यात जास्त घाम फोडणारा प्रकार हा. प्रसंग असा घ्या. उद्या सकाळी शपथपत्र दाखल करायचं आहे. पक्षकार देवासला. संध्याकाळचे पाच वाजलेत. मुंशीजी म्हणतात, “आप उनके दस्तखत मार दो, नोटरी मैं करवा लाता हूँ।”

ज्याने शपथ घ्यायची तो नोटरीसमोर हवा, यात वाद नाही. म्हणजे उत्तर ‘नाही’ हेच. पण ते कसं देता याला अर्धे मार्क आहेत. मुंशीजींची या कोर्टात तुमच्या वयाइतकी वर्षं गेलेली असू शकतात. त्यांना नीतिमत्तेवर व्याख्यान द्यायचं नाही. “राहू द्या, मी त्यांनाच बोलावतो” म्हणून फोन उचलायचा. देवास तासाभराच्या अंतरावर आहे. पक्षकार रात्री येऊ शकतो, किंवा देवासच्याच नोटरीकडे सही करून कागद सकाळी गाडीवाल्याबरोबर पाठवू शकतो. दोन्ही जमलं नाही तर सकाळी कोर्टाकडे वेळ मागायची, हे रात्रीच सीनियरच्या कानावर घालायचं.

आता पॅनल स्क्रू आवळतं: “आणि हे मुंशीजींनी नाही, सीनियरनीच सांगितलं तर?” तेव्हाही क्रम तोच. चारचौघांत नाही, एकटे असताना, एकदा, साध्या शब्दांत: “सर, उद्या उलटतपासणीत पक्षकारच म्हणाला की सही माझी नाही, तर आपणच अडचणीत येऊ. मी त्यांना देवासहून बोलावून घेतो, नऊपर्यंत येतील.” नकारासोबत पर्याय दिलात की बहुतेक सीनियर पर्यायच घेतात, घाईत त्यांनी तेवढा विचार केलेला नसतो. तरीही ते अडून बसले, तर हे मला जमणार नाही असं सांगायचं. “नोकरी गेली तरी?” असं विचारतीलच. “हो” म्हणा आणि गप्प बसा. यापुढे जे लांबण लावतात त्यांचा ‘हो’ पातळ होत जातो.

याच जातीचा एक प्रश्न फाइलीचा आहे. पक्षकाराने फी दिलेली नाही, तो फाइल परत मागतोय, सीनियर म्हणतात पैसे आल्याशिवाय देऊ नका. इथे एक निकाल कामी येतो, आणि तो आपल्याच मध्य प्रदेशातल्या प्रकरणातला आहे. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने फी थकली म्हणून फाइली अडवून ठेवल्या होत्या. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये सांगितलं की थकलेल्या फीपोटी वकिलाला पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही, फी वसूल करायचे मार्ग वेगळे आहेत. हे सीनियरना हळूच आठवण करून द्यायचं, फाइलची प्रत ऑफिसात ठेवायची, परत केल्याची पोच घ्यायची.

बाकीचे, भराभर

दोन सीनियरनी एकाच संध्याकाळचं काम दिलं: कोणाचं आधी हे तुम्ही ठरवायचं नाही. दोघांना दोन्ही कामं आणि दोन्ही तारखा सांगा, त्यांनी आपसांत ठरवावं. रात्र जागून दोन्ही करीन, हे उत्तर शूर वाटतं, पण दोन्ही ड्राफ्टांत चुका होणार हे ऐकणाऱ्याला दिसत असतं.

ईमेल चुकून विरुद्ध पक्षाच्या वकिलांना गेला: मागे घेण्याचं बटण शोधत बसू नका. आधी सीनियर, लगेच. मग त्यांच्या सांगण्याने त्या वकिलांना फोन करून न वाचता काढून टाकायची विनंती. लपवलं तर एक चूक दोन होतात.

विरुद्ध पक्षाने थेट तुम्हालाच फोन केला, “साहब, बैठके बात कर लेते हैं”: तुमच्या वकिलांना आमच्या सरांशी बोलू द्या, असं सांगून फोन ठेवा. मग सीनियरना तो फोन आल्याचं सांगा. हा दुसरा भाग निम्मे उमेदवार विसरतात.

पक्षकार विचारतो, “केस जिंकणार ना?”: वचन नाही. अंदाजसुद्धा सीनियर देतील.

एआयचा प्रश्न मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण तो आता हमखास येतो. उद्या सुनावणी आहे, सहकाऱ्याच्या ड्राफ्टमधले दोन निवाडे तुम्हाला कुठेच सापडत नाहीत. न्यूयॉर्कच्या एका कोर्टाने २०२३ मध्ये चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला होता. हे उदाहरण सांगितलंत तर ठीक, पण तेवढ्यावर थांबू नका. काय कराल ते सांगा. सुप्रीम कोर्टाचे निवाडे ई-एससीआर या कोर्टाच्याच ऑनलाइन संग्रहात फुकट बघता येतात, हायकोर्टांचे त्यांच्या त्यांच्या वेबसाइटवर. तिथे सापडले नाहीत तर आधी त्या सहकाऱ्यालाच विचारायचं, कुठून घेतलेस. चुगली करायला धावायचं नाही, पण तो टाळाटाळ करू लागला तर रात्रीच सीनियरना सांगायचं आणि ते दोन निवाडे ड्राफ्टमधून काढूनच कागद पुढे जाऊ द्यायचा. आपणही एआयचा वापर केला असेल तर तसं म्हणावं. वापरला म्हणून कोणी नाकारत नाही, न तपासता पुढे सरकवला म्हणून नाकारतात.

इंदूरचा खास पेपर: सगळेच ओळखीचे

मुंबईच्या पॅनलपेक्षा इथलं पॅनल एका विषयावर जास्त खोदतं, आणि त्यात तथ्य आहे. इंदूरच्या मराठी वस्तीत, रामबागेपासून टिळकनगरपर्यंत, कोण कोणाचा कोण लागतो हे सगळ्यांना ठाऊक. ज्युनियर वकील म्हणजे घरचा वकील. मुंजीत जेवताना शेजारच्या पाटावरचे काका सहज विचारतात, “काय गं, राजवाड्याजवळच्या त्या दुकानाची केस तुमच्याच सरांकडे आहे ना? भाडेकरू निघणार म्हणे?”

पॅनल विचारतं: काय म्हणाल?

“मी सांगू शकत नाही” हे उत्तर बरोबर वाटतं, पण त्यात केस तुमच्याकडे आहे हे कबूल होऊन जातं. पक्षकार आपल्याकडे आहे की नाही, हीसुद्धा आतलीच गोष्ट. “हो, पण निकाल माहीत नाही” हे तर त्याहून वाईट. “काका, ऑफिसचं मी घरी आणतच नाही, आमटी वाढू का?” असं काहीतरी पुरतं, आणि ते प्रत्येक केसच्या बाबतीत, तुमच्याकडे नसलेल्या केसच्याही बाबतीत, तसंच म्हणायला हवं. नाहीतर एरवी ‘नाही’ म्हणणारी मुलगी आज विषय बदलते, यावरूनच काका काय ते समजतात. ज्या उमेदवाराने हा शेवटचा बारकावा स्वतःहून सांगितला, त्याला मी तरी लगेच घेईन.

याचा पुढचा अंक नात्याचा. फाइल उघडली आणि विरुद्ध पक्ष म्हणून मावशीच्या यजमानांचं नाव निघालं. वाचायचं थांबवा, फाइल बंद करा, त्याच दिवशी सीनियरना सांगा. “मी तटस्थपणे काम करू शकेन” हे तुमचं तुम्ही ठरवायचं नाही. नातं कळवायचं, पक्षकाराला सांगायचं, तुम्हाला त्या फाइलपासून लांब ठेवायचं का, हे वर ठरू द्या. आणि मावशीला फोन करायचा नाही, चौकशीलाही नाही.

एक अवघड रूप असं. पक्षकार ऑफिसात बसून म्हणतो, “डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) झालीच तर होऊ दे, त्याआधी प्लॉट बायकोच्या नावावर करून टाकतो, तेवढा कागद करून द्या.” इथे गोपनीयता आणि गैरकृत्य यांची गाठ पडते. कलम १३२ चं संरक्षण बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी केलेल्या संवादाला मिळत नाही. म्हणून कागद करायचा नाही. पण म्हणून तुम्ही उठून पोलिसात किंवा विरुद्ध पक्षाकडे जायचं असंही नाही. “हे आम्हाला करता येणार नाही, सरांशी बोलून घ्या” एवढं सांगून सीनियरना आत्ता सांगायचं. तुम्ही ज्युनियर आहात की नुसते ऑफिसात टायपिंगला बसता, याने फरक पडत नाही, वर म्हटलं ते कारकुनाचं बंधन इथे आठवा.

सराव कसा

आरशासमोर नको. कोणीतरी मध्येच तोडणारं हवं. घरात एखादे रिटायर्ड बँकवाले आजोबा किंवा शिक्षिका आत्या असतील तर उत्तम, कायद्याची माणसं नसली तरी त्यांना ‘आधी कोणाला सांगितलंस?’ हे विचारायला बरोबर जमतं. प्रसंग द्या, दोन मिनिटं बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐकताना एकच बघा: सीनियरना सांगितल्याचं वाक्य कुठे आलं? अगदी शेवटी आलं किंवा आलंच नाही, तर पुन्हा करा.

विचार मराठीत होत असेल तर आधी मराठीतच सोडवा. घाईने इंग्रजीत बोलायला गेलं की आपण पुस्तकी वाक्यांना धरून ठेवतो आणि क्रम हातचा जातो. घट्ट झाल्यावर इंग्रजीत, आणि चेंबरसाठी हिंदीतही म्हणून बघा.

आणि कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. खुल्या कोर्टात कोणालाही बसता येतं. सीनियर आले नाहीत म्हणून ज्युनियर पासओव्हर (केस थोड्या वेळाने घ्या अशी विनंती) कसा मागतो, जज चिडले तर काय म्हणतो, पेपर सापडत नसताना वेळ कशी काढतो, हे दोन दुपारी बघितलंत तरी तुमच्या उत्तरांत हाडामांसाची माणसं येऊ लागतील. मुंशींशी बोला. फाइलिंगमध्ये काय काय अडतं याची त्यांच्याएवढी माहिती पॅनललाही नसते.

इंग्लंडच्या फर्मसाठी अर्ज करत असाल तर

तिथल्या मोठ्या फर्मच्या ट्रेनी भरतीत हा प्रकार बऱ्याचदा ऑनलाइन चाचणीने सुरू होतो. प्रसंग, खाली चार-पाच पर्याय, त्यांतला सर्वांत योग्य आणि सर्वांत अयोग्य निवडा किंवा सगळे क्रमाने लावा. सर्वांत अयोग्य ठरवणं सोपं असतं, तिथून सुरू करा: लपवणं, खोटं सांगणं, काहीच न करणं. मग मधले. आपले बार कौन्सिलचे नियम तिथे चालत नाहीत. तिथल्या सॉलिसिटरांचं नियमन करणाऱ्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीची सात तत्त्वं वाचा. त्यांत टक्कर झाली तर व्यापक सार्वजनिक हित जपणारं तत्त्व पक्षकाराच्या हिताच्या वर, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. काही बिघडलं तर पक्षकाराला मोकळेपणाने सांगा, हा नियमही त्यांच्या आचारसंहितेत आहे.

मुलाखतीच्या खोलीत

प्रश्न ऐकल्यावर लगेच सुटू नका. एक प्रश्न उलट विचारायला हरकत नसते: मला सनद मिळालेली आहे असं धरू का? पक्षकार शहरात आहे का? याने वेळही मिळतो आणि तुम्ही तपासून मग बोलता हेही दिसतं. मात्र एकच, फार तर दोन. पाच प्रश्न विचारणारा उत्तर टाळतोय असं वाटतं.

आपल्या इंदुरी स्वभावाची एक सवय इथे आड येते. काहीही विचारा, ‘हो जाएगा भिया’. सरांनी चार कामं सांगितली, हो जाएगा. वेळ नाही, हो जाएगा. बाजारात हे गोड वाटतं, चेंबरमध्ये यातूनच तारखा बुडतात. “हे आज होणार नाही, उद्या अकरापर्यंत देतो” असं म्हणणारा उमेदवार पॅनलला जास्त भरवशाचा वाटतो.

तुमच्या उत्तराला विरोध करून बघतात. “पण मग पक्षकार हातचा जाईल की!” नवी माहिती दिली असेल तर उत्तर बदला आणि कशामुळे बदललं ते सांगा. नुसता आवाज चढवला असेल तर बदलू नका. न सुचणाऱ्या प्रश्नावर, “याचं पक्कं उत्तर मला येत नाही, पण या तीन गोष्टी मी करणार नाही आणि सरांना विचारेपर्यंत एवढं करून ठेवीन” असं म्हटलंत तर ते पळवाट ठरत नाही, ज्युनियरचं पहिलं वर्ष बरंचसं असंच जातं.

इंटर्नशिपमधला स्वतःचा अनुभव सांगायला सांगितलं तर जरूर सांगा, पण पक्षकाराचं नाव, दुकान, गल्ली, निकाल, सीनियरचं नाव, काहीही न घेता. ‘एका भाडेकरूच्या प्रकरणात’ एवढं पुरे. “कोणाची केस होती हो ती?” असं पॅनलमधलं कोणी हसत हसत विचारलं, तर तोही प्रश्नपत्रिकेतलाच प्रश्न समजा आणि नाव सांगू नका.